कुडाळजवळच्या गावातून अमेरिकेचं काम: पाच वर्षांचा हिशेब

माडाखाली (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्याभरात व्यनितून (खासगी निरोपातून) चार जणांनी एकच प्रश्न विचारला: गावी राहून सॉफ्टवेअरचं काम खरंच जमतं का? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहितो, म्हणजे बाकीच्यांचे अनुभवही येतील.

मी कुडाळपासून बारा किलोमीटरवर राहतो. त्याआधी सहा वर्षं हिंजवडीत नोकरी केली. २४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा वाकडच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही तिघे होतो. जूनमध्ये ई-पास मिळाला, गावी आलो आणि चौदा दिवस गावच्या शाळेत विलगीकरणात काढले. चौथीपर्यंत ज्या वर्गात शिकलो त्याच वर्गात बाकावर लॅपटॉप ठेवून काम केलं. मोबाईलला रेंज फक्त खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात मिळायची. वाटलं होतं, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. पुढे कंपनीने सगळ्यांना परत बोलावलं तेव्हा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. मी राजीनामा दिला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या कंपनीचं काम कंत्राटावर घेतलं. तेच आजही करतो.

सगळे आधी नेटबद्दल विचारतात, म्हणून ते आधी. आमच्याकडे फायबर आहे आणि वेगाची काहीच तक्रार नाही. अडचण येते ती तार तुटण्याची. वाडीत केबल माडा-पोफळीच्या अंगाने येते. झावळ पडली की तुटते, वांदर लोंबकळले की तुटते. तार तुटली की घरातल्या फायबरच्या पेटीवर लाल दिवा लागतो, आणि तो लागल्यावर राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका, सरळ केबलवाल्याला फोन करा. त्याला दिव्याचा रंग सांगितला की तो जोडणीचं यंत्र घेऊनच येतो, एक फेरी वाचते. दुसरा आधार म्हणून वेगळ्या कंपनीचं सिम हवं, आणि घरात त्याची रेंज कुठे मिळते ते आधी हिंडून बघून ठेवा. आमचं घर चिऱ्याचं आहे. जाड भिंतीतून वायफायचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा पलीकडे जवळजवळ पोचतच नाही. मी शेवटी ओटीवरून माजघरातल्या खोलीपर्यंत साधी लॅनची तार ओढली आणि कॉल तुटणं त्या दिवशी थांबलं.

नेटपेक्षा मोठा प्रश्न विजेचा. माझ्याकडे इन्व्हर्टरला दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी आहे. कागदावर १८०० वॉट-तास, हातात पडतात साधारण १२००. लॅपटॉप, राउटर आणि एक पंखा मिळून १४० वॉट धरले तर आठ तास निघतात. त्यावर मिक्सर लावायचा नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. राउटरला बारा व्होल्टचा वेगळा छोटा यूपीएस लावा. वीज जाऊन इन्व्हर्टरवर बदली होताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी तुमचं नाव घेतलेलं असतं. अर्थिंग नीट करून घ्या. मे महिन्यातल्या वळवात आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा पडतात. दोन अडॅप्टर जळाल्यावर आता गडगडाट ऐकू आला की प्लग काढून बॅटरीवर काम करतो.

पण हे सगळं पैसे टाकून सुटतं. ज्यासाठी हा धागा काढला ते वेगळं आहे. माझ्या अनुभवात गावातून केलेलं काम टिकतं की मोडतं ते तुम्ही लिहिता कसं यावर ठरतं. कोड नव्हे, कोडबद्दलचं लिहिणं. माझे सहकारी जागे होतात तेव्हा माझी संध्याकाळ असते आणि त्यांची दुपार कलते तेव्हा मी झोपलेला असतो. उठून विचारता येत नाही, खुर्ची वळवून दाखवता येत नाही. मी झोपेत असताना माझं काम पुढे नेणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मी लिहून ठेवलेली टीप.

हे मला एका चुकीने शिकवलं. आमच्या प्रणालीत ग्राहकांना बिलाची आठवण करून देणाऱ्या मेल रात्री दीड वाजता जायच्या, तिकडच्या स्थानिक वेळेनुसार. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे घेतात. रात्रीचे दोन वाजले की पुन्हा एक वाजतो, म्हणजे त्या रात्री दीड दोनदा वाजतो. आपल्याकडे घड्याळ कधी हलतच नाही, त्यामुळे आपल्या अंगवळणी हे पडलेलं नसतं. मला मात्र ते आधीच दिसलं होतं. मी त्या आठवड्यातल्या कॉलवर तोंडी म्हटलंही की आपला शेड्युलर (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम) हे सांभाळणार नाही. तिकडून 'बरोबर, बघायला हवं' असं उत्तर आलं. कॉल संपला, मी लिहून काही ठेवलं नाही आणि लक्ष्मीपूजनाच्या सुट्टीवर गेलो.

७ नोव्हेंबर २०२१. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. सकाळी अकराला मेल गेल्या. बहीण निघाली होती, तिला कुडाळ स्टेशनवर सोडायला गेलो होतो. दुपारी बाराला त्याच मेल पुन्हा गेल्या. गाडी सुटल्यावर फोन पाहिला तर ग्राहकांच्या उत्तरांची रांग लागलेली. कंपनीच्या मालकीणबाईंनी मला एक शब्द वावगा बोलला नाही. फक्त विचारलं, 'हे तुला माहीत होतं ना? कुठे लिहिलं होतंस?' मला उत्तर देता आलं नाही. दुरुस्ती लहान होती. वेळापत्रक यूटीसीवर (कधीच मागेपुढे न होणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर) नेलं आणि मेल पाठवण्याआधी त्या दिवसाची नोंद तपासायची असं केलं, म्हणजे काम दोनदा सुरू झालं तरी मेल एकदाच जाते. ती दुरुस्ती गुरुवारी दोन तासांत झाली असती, जर मी चार ओळी लिहिल्या असत्या.

तेव्हापासून रोज काम थांबवताना मी एक टीप लिहितो. काय झालं, कुठे अडलंय, काय काय करून पाहिलं आणि ते का चाललं नाही, पुढचं पाऊल कोणाचं. 'करून पाहिलं पण चाललं नाही' हा भाग सगळ्यांत मोलाचा, कारण तो नसेल तर पलीकडचा माणूस त्याच भिंतीवर जाऊन पुन्हा आपटतो.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी असले तरी चालतील.

---

कोथरूडकर

उत्तम धागा. शेड्युलरचा किस्सा वाचून आमच्या टीमला दुवा पाठवला. एक भर घालतो. वेळ लिहिताना भारतीय प्रमाणवेळेसाठी 'आयएसटी' असं नुसतं लिहू नका. इस्राएल आणि आयर्लंडच्या लोकांसाठीही त्या अक्षरांचा अर्थ त्यांची वेळ असाच होतो. आमच्याकडे डब्लिनच्या एकाने त्यावरून साडेचार तास उशिरा कॉल लावला होता.

---

जुना_हिंजवडीकर

धागाकर्ते, लिहिलंय मनापासून आणि तुमच्या शिस्तीबद्दल आदर आहे. पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझ्या हाताखाली चौदा जणांची टीम आहे आणि त्यातले पाच जण कॉलेजातून नुकते आलेत.

तुम्ही गावी गेलात ते सहा वर्षं ऑफिसात काढून. त्या सहा वर्षांत तुम्ही शेजारच्याचं बोलणं ऐकत शिकलात. सीनियर माणूस एखादा बग (कोडमधली चूक) शोधताना आधी लॉग (प्रोग्रामने केलेल्या नोंदी) बघतो की आधी शेवटचा बदल बघतो, तो कुठे थांबतो, कशावर शंका घेतो, हे कोणी लिहून देत नाही. ते शेजारी बसून उचललं जातं. माझ्याकडची एक मुलगी आठ महिने घरून काम करत होती. हुशार, कष्टाळू. दोन-दोन दिवस एका जागी अडकून बसायची आणि विचारायची नाही, कारण मेसेज टाकणं म्हणजे सीनियरला त्रास देणं असं तिला वाटायचं. ऑफिसात आल्यावर तीन आठवड्यांत फरक दिसला.

हे माझं एकट्याचं मत नाही. इमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलेस या अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनियरांचा अभ्यास केला. एकाच इमारतीत बसणाऱ्या टीममध्ये कोडवर जास्त अभिप्राय मिळत होता, आणि त्याचा फायदा सर्वाधिक नव्या मुलांना होत होता. शिकवणाऱ्या सीनियर लोकांचं स्वतःचं काम मात्र कमी होत होतं, तेही त्यांनी नोंदवलंय. ती किंमत सीनियरांनी द्यावी असं माझं प्रामाणिक मत आहे. आपल्यालाही कोणीतरी असंच शिकवलं.

---

माडाखाली (धागाकर्ता)

@जुना_हिंजवडीकर, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. मी पहिल्या दिवसापासून गावात असतो तर आज जे येतं त्यातलं अर्धं आलं नसतं. पुण्यातले माझे पहिले लीड माझ्या मागे उभे राहून 'थांब, तो एरर पूर्ण वाच' असं इतक्यांदा म्हणाले की आजही लाल अक्षरं दिसली की तोच आवाज येतो. नव्या मुलांनी पहिली दोन वर्षं जमलं तर माणसांमध्ये काढावीत असं मीही सांगतो.

---

गोदाकाठ

दोघांचंही पटलं, पण 'जमलं तर' या दोन शब्दांत खूप काही दडलंय, म्हणून लिहिते.

मी नाशिकची. मुलगा झाल्यावर तीन वर्षांचा खंड पडला. परत यायचं ठरवलं तेव्हा पुण्यातल्या कंपन्या 'आठवड्यातून तीन दिवस ऑफिस' यावर अडून होत्या. सासूबाईंना अर्धांगवायू झालेला, नवऱ्याची फिरतीची नोकरी. ऑफिसला जाणं हा पर्याय माझ्यापुढे नव्हताच. घरून करायचं काम मिळालं म्हणून मी आज या क्षेत्रात आहे, नाहीतर माझं दहा वर्षांचं जावातलं प्रोग्रामिंग तिथेच संपलं होतं.

तुमच्याकडच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण ती विचारत नव्हती हे कोणाच्या लक्षात यायला आठ महिने का लागले? माझ्या टीममध्ये दोन नवी मुलं आहेत, एक जळगावचा आणि एक इंदूरची. रोज साडेअकरा ते साडेबारा आम्ही तिघं स्क्रीन शेअर करून एकत्र कोड लिहितो. विषय ठरलेला नसतो. मी माझंच काम करते आणि मोठ्याने बोलत करते: 'इथे मला शंका येतेय', 'हे नाव मला आवडत नाहीये', 'आता मी मागचा बदल बघते'. पहिले दोन आठवडे स्वतःशी बडबडल्यासारखं वाटायचं. आता ती दोघं मला मध्येच अडवतात. त्या तासात माझं काम निम्म्याने होतं, हे खरंय. पण शेजारी बसून जे ऐकू येतं ते घरूनही ऐकवता येतं. ते आपोआप होत नाही, कोणीतरी तो तास काढावा लागतो.

आणि आठवड्यातले काही दिवस घरून, काही ऑफिसातून या मधल्या वाटेचाही अभ्यास झालाय. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या एका प्रवासी कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला, तो २०२४मध्ये 'नेचर'मध्ये आला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत फरक पडला नाही आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. सोडण्याचं प्रमाण विशेष करून बायकांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये कमी झालं. वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

---

जुना_हिंजवडीकर

@गोदाकाठ ताई, आठ महिने माझ्या लक्षात आलं नाही हे खरं आहे आणि ती चूक माझीच. तुमचा साडेअकराचा तास मी सोमवारपासून सुरू करतोय. नाशिकहून काम करणारे दोघं आमच्याकडेही आहेत, त्यांना त्यात घेतो.

---

रात्रपाळी

मी फार लिहीत नाही इथे, पण हा धागा बघून राहवलं नाही. धागाकर्त्यांचं जमलं त्यात अमेरिकेचा पूर्व किनारा ही मोठी गोष्ट आहे. कोणी पश्चिम किनाऱ्याचं काम घेत असेल तर आधी वेळेचं गणित कागदावर मांडा.

कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा तुमचं घर झोपायला निघालेलं असतं. मी साताऱ्याहून साडेतीन वर्षं हे केलं. पैसे चांगले होते, घराचं कर्ज लवकर फिटलं, ते नाकारत नाही. पण मी पहाटे चारला झोपायचो आणि मुलगी सहाला शाळेसाठी उठायची. ती शाळेतून यायची तेव्हा मी नुकताच उठलेलो, डोकं जड, चिडचिड. एकदा तिने चित्र काढलं, घर, आई, आजी, कुत्रा. मी त्यात नव्हतो. बायकोने विचारलं तर म्हणाली, बाबा आत झोपलाय, म्हणून दिसत नाही.

चाळिशीच्या आत रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी झोपेचे तास नाही, झोपेची वेळ विचारली. मी दिवसा सात तास झोपत होतो, पण उजेडात, कुकरच्या शिट्ट्यांत, दारावरच्या बेलमध्ये. ती झोप अंगी लागत नव्हती. आता युरोपातल्या टीमबरोबर काम करतो, पैसे कमी आहेत. संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप मिटतो. मुलीला गणित शिकवतो.

---

माडाखाली (धागाकर्ता)

@रात्रपाळी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. हा भाग माझ्याकडून लिहायचा राहिला होता.

माझा रोजचा कॉल त्यांच्या सकाळी साडेनऊला असतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात आठ. रात्री साडेदहाच्या पुढे बसायचं नाही हे मी करार करतानाच लिहून घेतलं होतं. तरी पहिल्या वर्षी मीही बसायचो. शेजारच्या काकींनी एकदा विहिरीवर विचारलं, 'रात्री तीनाक लाईट पेटती दिसता तुजी, बरां असा मां?' त्यांना वाटलं बाबांची तब्येत बिघडलीय. त्या दिवसापासून बंद केलं.

आता थंडीत, जत्रांच्या दिवसांत, काम साडेदहाला संपलं की मी चालत देवळाकडे जातो. दशावतार तेव्हा कुठे रंगात येत असतो. पुण्यात असताना सहा वर्षांत एकही दहिकाला (जत्रेतला दशावताराचा प्रयोग) पाहिला नव्हता.

---

स्टुटगार्टहून

परदेशातल्या मंडळींसाठी एक सूचना. इथल्या कंपनीने 'कुठूनही काम करा' म्हटलं तरी त्याचा अर्थ बहुधा 'या देशात कुठूनही' असा असतो. मी गेल्या वर्षी आई आजारी असताना चार महिने सांगलीहून काम करू का असं विचारलं. लॅपटॉप, नेट, वेळ, कशालाच अडचण नव्हती. अडचण निघाली कर, सामाजिक विमा आणि व्हिसाची. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून लांबवर काम करू लागला तर कंपनीचं तिथे कायमचं आस्थापन (कर लागू होईल असं व्यवसायाचं ठिकाण) आहे असं त्या देशाचं कर खातं धरू शकतं, ही त्यांची भीती. शेवटी काही आठवड्यांची परवानगी मिळाली, बाकी बिनपगारी रजा. हे आजारपण येण्याआधी विचारून ठेवायला हवं होतं असं आता वाटतं.

---

जमाखर्च

धागाकर्ते 'कंत्राटावर' असा एक शब्द लिहून पुढे गेले, पण व्यनि करणाऱ्यांचा खरा गोंधळ तिथेच होतो, म्हणून सीए या नात्याने थोडं लिहितो. प्रत्येकाची स्थिती वेगळी असते, तेव्हा तुमच्या सल्लागाराला विचाराच.

परदेशी कंपनीची भारतात शाखा असेल किंवा मधल्या कंपनीमार्फत तुम्ही पगारावर असाल, तर तुम्ही साधे नोकरदार: कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, पीएफ, सगळं नेहमीसारखं. थेट कंत्राट असेल तर तुम्ही व्यावसायिक. तिथे पगार नाही, पावती आहे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आरोग्य विमा तुमचा तुम्ही काढायचा. नोकरीतल्या पगाराशी तुलना करताना हे वजा न करता लोक आकडे बघून हुरळतात.

करासाठी १९६१च्या आयकर कायद्यातल्या ४४एडीए या कलमाची ठरावीक नफ्याची योजना बहुतेक एकट्या कंत्राटदारांना सोयीची पडते. एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा धरली जाते. मर्यादा ५० लाख, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर २०२३च्या अर्थसंकल्पापासून ७५ लाख. परदेशातून येणारा पैसा बँकेतूनच येतो, म्हणजे ही अट आपोआप पाळली जाते. या योजनेत आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरायचा. अनेक जण तो विसरतात आणि जुलैत व्याज भरतात.

जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की लागते. सेवेची निर्यात शून्य दराची, पण त्यासाठी एलयूटी नावाचं हमीपत्र दर आर्थिक वर्षासाठी नव्याने भरावं लागतं. ३१ मार्चला जुनं संपतं. बँकेत पैसे येताना कारणाचा संकेतांक विचारतात. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी०८०२. प्रत्येक जमेची बँकेची परदेशी जमेची सूचना जपून ठेवा, निर्यात सिद्ध करायला तीच लागते. अमेरिकेतला ग्राहक डब्ल्यू-८बेन फॉर्म मागेल, त्याला घाबरू नका. तुम्ही भारतात बसून काम करता, तिकडचे रहिवासी नाही, एवढंच त्यातून कळवायचं असतं.

---

लातूरकर२२

सगळ्यांना नमस्कार. मी यंदा लातूरमधून संगणक शाखेचं इंजिनिअरिंग पूर्ण केलं. कॅम्पसमध्ये निवड झाली नाही. पुण्यात खोली, खानावळ आणि क्लास मिळून घरावर फार ओझं होतं म्हणून घरूनच काम शोधतोय.

मागच्या महिन्यात एक 'नोकरी' मिळाली होती. मुलाखत फक्त चॅटवर झाली. नियुक्तिपत्र आलं, शिक्का होता, पगार चांगला होता. मग म्हणाले लॅपटॉप पाठवतोय, त्याची अनामत १४,५०० भरा, पहिल्या पगारात परत मिळेल. वडिलांनी सोसायटीतून पैसे काढले. भरायच्या आदल्या रात्री मी याच संस्थळावरचा एक जुना प्रतिसाद वाचला आणि थांबलो. दुसऱ्या दिवशी भरत नाही म्हटल्यावर त्यांनी मला सगळीकडून काढून टाकलं. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांना मी नोकरी मिळाली असं गावात सांगू दिलं होतं, त्याचं जास्त वाईट वाटतं.

माझ्यासारख्याने काय करावं? पुण्याला जायचं तर पैसे नाहीत, आणि घरून तर नव्यांना कोणी घेत नाही.

---

गोदाकाठ

@लातूरकर२२, आधी एक गोष्ट. पैसे भरले नाहीस, हे तुझ्या शहाणपणाने झालं. नोकरी देणारा कधीही पैसे मागत नाही: ना अनामत, ना प्रशिक्षणाचे, ना पडताळणीचे. पैसे गेले असते तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा होता. तासाभरात केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. हे तुझ्या मित्रांनाही सांग, तुझ्या वर्गातल्या आणखी कोणाला तरी हीच माणसं गाठत असणार. वडिलांना सांग की गावात जे सांगितलं ते थोडं लवकर सांगितलं, एवढंच झालंय.

---

माडाखाली (धागाकर्ता)

@लातूरकर२२, मला जे सुचतं ते सांगतो. मुक्त स्रोत प्रकल्पांमध्ये (ज्यांचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो) काम कर. हे सगळेच सांगतात, पण का ते सांगत नाहीत. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीवर १९९१पासून जगभरचे लोक एकमेकांना न भेटता काम करतात. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट हे साधनही २००५मध्ये त्याच कामासाठी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिहिलं. म्हणजे आपण आज जे दूरवरून काम म्हणतो त्याची शाळा तिथेच आहे आणि तिला फी नाही. मोठा बदल करायला जाऊ नकोस. तू स्वतः वापरतोस असं एखादं छोटं साधन निवड. त्यात न सुटलेल्या तक्रारी असतात. त्यातली एक घे, ती तुझ्या संगणकावर पुन्हा घडवून दाखव आणि कशी घडते ते नीट लिही. फक्त एवढंच. दुरुस्ती जमली तर उत्तम, नाही जमली तरी बग अचूक लिहिणारा माणूस प्रकल्प चालवणाऱ्यांच्या लक्षात राहतो.

आमच्या कंपनीत मागच्या वर्षी एकाला घेतलं तेव्हा मी त्याचा कोड शेवटी पाहिला. आधी त्याने तीन वेगवेगळ्या प्रकल्पांत लिहिलेल्या तक्रारी वाचल्या. त्या वाचून मला कळलं की हा माणूस अडला तर मला रात्री उठवणार नाही, आणि मी उठल्यावर तो कुठे अडलाय ते मला शोधावंही लागणार नाही.

तुझी एखादी टीप लिहून इथे टाक. इंग्रजी असेल तर तिचं मराठी करून टाक, सगळ्यांना वाचता येईल. आपण मिळून बघू.

---

जुना_हिंजवडीकर

@लातूरकर२२, व्यनि कर. आमच्याकडे सहा महिन्यांची उमेदवारी असते, ऑफिसातून, विद्यावेतनासह. वशिला लावू शकत नाही, परीक्षा सगळ्यांना सारखीच. पण अर्ज कधी सुटतात आणि त्यात काय विचारतात एवढं नक्की सांगतो.

---

माडाखाली (धागाकर्ता)

टीप लिहिण्यावरून आणखी एक गोष्ट आठवली, ती लिहून ठेवतो. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं. इशारे शुक्रवारपासूनच येत होते. १४ मेला संध्याकाळी मी टीमला लिहिलं: पुढचे काही दिवस मी गायब असू शकतो, हातात ही तीन कामं आहेत, पहिलं पूर्ण आहे फक्त तपासायचं, दुसरं अर्ध्यावर आहे आणि कोड या शाखेत आहे, तिसऱ्याला हात लावू नका कारण त्यात अजून माझाच गोंधळ मिटलेला नाही. रविवारी, १६ तारखेला, वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. मागच्या परसातले सात माड पडले, एक गोठ्यावर. वीज गुरुवारी आली. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या पहिल्याच दिवशी उतरल्या, त्यामुळे फोनही नव्हता. मी पाच दिवस कौलं शाकारत होतो आणि लॅपटॉपची आठवणही आली नाही.

गुरुवारी रात्री जोडलो गेलो तेव्हा पहिली दोन कामं पूर्ण होऊन ग्राहकांपर्यंत पोचली होती. तिसऱ्याला कोणी हात लावला नव्हता. मालकीणबाईंचा एकच मेसेज होता: 'गोठ्यातली जनावरं ठीक आहेत ना?' आदल्या हिवाळ्यात मी कधीतरी गाईचा फोटो टाकला होता, तो त्यांच्या लक्षात होता.

पण बघा, हे मेमध्ये जमलं होतं तरी नोव्हेंबरमध्ये मी ते केलं नाही. वादळाची भीती होती म्हणून तेव्हा लिहिलं. साध्या गुरुवारी लिहायची सवय तोवर लागली नव्हती.

---

लातूरकर२२

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_हिंजवडीकर सरांना व्यनि केलाय. गेले पाच दिवस एका मुक्त स्रोत साधनावर बसलोय, फायलींची नावं एकगठ्ठा बदलायचं साधन आहे. त्यातल्या एका तक्रारीवर ही टीप लिहिलीय, चुका सांगा:

'फाइलच्या नावात मराठी जोडाक्षर असेल तर नाव बदलताना ते तुटतं. उदाहरणार्थ "क्षमा" या नावातलं पहिलं अक्षर काढायला सांगितलं तर "क" तेवढा जातो आणि नाव हलन्त चिन्हापासून सुरू होतं. उबुंटू २४.०४वर तीन वेळा घडवून पाहिलं. कारण असं वाटतं की साधन युनिकोडचा (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) एकेक संकेतांक मोजतं, आणि "क्ष" हा क, हलन्त आणि ष अशा तीन संकेतांकांचा बनतो. नाव आधी युनिकोडच्या एनएफसी रूपात (शक्य तिथे संकेतांक जोडून एक करणाऱ्या) आणून पाहिलं, त्याने फरक पडला नाही, कारण "क्ष"ला एकच असा संकेतांक नाही. आता अक्षरसमूह मोजणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून बघणार आहे. उद्या सकाळी पुढचं लिहितो.'

---

माडाखाली (धागाकर्ता)

फार चांगली झालीय. करून पाहिलं आणि चाललं नाही ते कारणासकट दिलंस, आणि हा बग मराठी माणसालाच दिसणार होता. इंग्रजीत टाकताना तुटलेलं नाव नुसतं चिकटवू नकोस, सोबत त्या तीन संकेतांकांचे क्रमांकही दे. देवनागरी वाचता न येणाऱ्यालाही मग तपासता येईल.

शेवटची ओळ मात्र बदल. तो प्रकल्प सांभाळणारा कुठे राहतो ते आपल्याला ठाऊक नाही, त्यामुळे 'उद्या सकाळी' म्हणजे कोणाची सकाळ ते त्याला कळणार नाही. तारीख लिही आणि पुढे यूटीसी वेळ टाक.